मोहोर निर्दोष सुटला

मुलुंड (पूर्व)
माघ, १९८६

प्रिय भाऊराव,

तू माझ्याहून वयानं मोठा. किती मोठा ते तुझी आईच सांगू शकली असती, कारण आपल्या दोघांच्या जन्मतारखा मास्तरांनी एकाच दिवशी, एकाच दौतीतून, अंदाजानं घातल्या. पण मोठा तो मोठाच, तेव्हा रीतीप्रमाणे तुला साष्टांग नमस्कार घालायला हवा. माझे गुडघे हल्ली खाली गेले की वर यायचं मनावर घेत नाहीत, म्हणून कमरेपर्यंतचा नमस्कार खुर्चीतूनच करतो आणि उरलेला तुझ्या उदार स्वभावावर सोडतो. वहिनींना मात्र पुरता नमस्कार सांग. तुझी कंबर कशी आहे? गाय व्यायली का? विहिरीला पाणी किती? आणि मुख्य म्हणजे कलमांवर यंदा मोहोर कसा आहे? या मोहोरावर माझ्या हातून फार मोठा खोटा आळ घेतला गेला, आणि तो कसा निर्दोष सुटला ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दिवाळीचे कंदील उतरले की माझ्या शिंका सुरू होतात आणि होळी पेटेपर्यंत चालतात, हे तुला मी मागेही लिहिलं होतं. पण तेव्हा नुसत्या शिंका होत्या, आता संमेलन भरतं. पहिली शिंक अध्यक्षासारखी सावकाश येते, सगळ्या घराला तिची चाहूल लागते. तिच्यामागून वक्त्यांची रांग, एकाचं संपायच्या आत दुसरा उभा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टाळूला आतून खाज (तिथं पोचायला देवानं जीभ दिली आहे, पण ती पुरत नाही). ताप नाही, अंग दुखणं नाही, दुपारी माणूस ठणठणीत. आणि भाऊ, दुःख शिंकेचं नाही रे. आपल्या शाळेत माघ लागला की मास्तर ऋतुराजाची कविता काढायचे आणि सगळा वर्ग मागेपुढे डुलत एका चालीत म्हणायचा. कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे पडायचे, बाहेर आंबा घमघमायचा, आणि ज्याची चाल चुकेल त्याला मास्तर छडीनं ताल द्यायचे. त्या कवितेतला वारा, तो सुगंध, ती पानांची सळसळ मी जन्मभर जिवाशी धरून बसलो, गिरणीच्या टाइम-ऑफिसात भोंगे ऐकतानासुद्धा. आणि सत्तरी आली तेव्हा कळलं की ऋतुराजाला माझ्या हृदयात यायचं नसून नाकात यायचं आहे.

शिंक नुसता आजार असती तरी चाललं असतं. पण आपल्या लोकांत शिंक म्हणजे अपशकुन, आणि आमची अर्धांगी जानकी तो कायदा मुलुंडातही गावच्याइतकाच कडक चालवते. कोणी चपला पायात घातल्या आणि शिंक ऐकू आली, की चपला काढायच्या, बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. नंदकुमार कचेरीची बॅग घेऊन दाराशी जातो ती नेमकी माझ्या संमेलनाची वेळ. "खंय चल्लंस? बस आधी!" जानकी आतून ओरडते. तो बसतो, पाणी पितो, उठतो, मी शिंकतो. पुन्हा बसतो. (त्याला एवढे लेट मार्क पडले की साहेबानं बोलावून विचारलं, घरी काय अडचण आहे? नंदू म्हणाला, वडील शिंकतात. साहेब तमिळ, पण हा कायदा त्यांच्याकडेही असावा, कारण त्यानं गंभीरपणे मान डोलावली.) शेजारची मुलं परीक्षेला निघाली की त्यांची आई आधी आमच्या दारात डोकावते आणि हळूच विचारते, "आजोबांचं झालं का?"

इथवर हसलास तर हरकत नाही, पुढे हसू नकोस. गेल्या वर्षी मार्गशीर्षात आपल्या राधाला (नंदूची थोरली, तुझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली) बघायला गोरेगावहून माणसं आली होती. पोहे झाले, चहा झाला, राधानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली, न विचारलेल्या दोन प्रश्नांचीही दिली. मुलाचा बाप पुढे सरकून म्हणाला, "आम्हाला मुलगी पसं..." आणि इकडे अध्यक्ष उठले. मग वक्ते. रुमालात तोंड घालून मी आत पळालो, पण आतून तर ते आणखी घुमलं म्हणे. मंडळींनी एकमेकांकडे बघितलं, चपला घातल्या, "कळवतो" म्हणाली, आणि आजतागायत कळवताहेत. राधानं ते हसण्यावारी नेलं. "आजोबा, बरं झालं. शिंकेनं लग्न मोडणारी माणसं मला सर्दी झाली की माहेरी धाडतील," म्हणाली. पण त्या दिवशी ती साडी घडी करताना बराच वेळ एकाच घडीवर हात फिरवत होती, ते मी बघितलं. तिच्या लग्नात मंगलाष्टकं आजोबांनीच म्हणायची, हे ती परकर नेसत होती तेव्हापासून ठरलेलं. म्हटलं, आजोबाच नाकानं तिचं लग्न मोडत राहिले तर मंगलाष्टकं म्हणायची कुणाच्या लग्नात?

आता माझी चूक ऐक. आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक आंबा आहे. बिल्डरानं तो कसा सोडला देव जाणे. मी सरळ हिशेब केला: मोहोर येतो तेव्हा शिंक येते, म्हणजे शिंक मोहोरानं येते. माझ्या लाडक्या मोहोरानं! मन घट्ट केलं, पुढच्या खिडकीशी असलेली माझी खुर्ची उचलली आणि मोहोरापासून दूर म्हणून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवली. तिथून भिंतीपलीकडचा नाला दिसतो, त्यापलीकडे मिठागरं, त्यावर उतरलेले बगळे. सकाळी तिथं बसून मी मोहोराच्या विरहाचे श्लोक रचत असे, आणि शिंकत असे. जितका शिंके तितका मोहोराचा राग येई, जितका राग येई तितका गॅलरीत जास्त बसे.

यातून मला सोडवलं ते शुभानं. भाऊ, सुनेचं कौतुक सासऱ्यानं किती करावं याला आपल्याकडे मर्यादा आहे, ती मी आज मोडतो. शुभा टेलिफोनमध्ये तक्रारींच्या टेबलावर आहे. फोन बंद पडल्याचं कोणी कळवलं की आधीच कुणावर ठपका ठेवायचा नाही, असा तिथला शिरस्ता. घरातल्या यंत्रात दोष की खांबावरच्या तारेत की जमिनीखालच्या केबलमध्ये, एकेक तुकडा वेगळा काढून बघायचा. तिनं मला तसंच बघितलं. "मामंजी, तुम्ही आरोपी आधी ठरवलात आणि पुरावा मागून शोधताय," म्हणाली. काही दिवस मला मधल्या खोलीत खिडक्या लावून बसवलं: शिंका निम्म्या. मग सरळ आंब्याखाली खुर्ची टाकली. मी म्हटलं, सूनबाई, काय जीव घेणार आहेस का? ती म्हणाली, "बसा हो, घेत नाही." बसलो. मोहोर टोपीवर पडत होता, खांद्यावर पडत होता, एक तुरा थेट मांडीवर आला. सगळं शरीर शिंकेची वाट बघत होतं. आली नाही. मग पुन्हा मागच्या गॅलरीत बसवलं, आणि माझं अजून टेकणं व्हायचं होतं तोवर अध्यक्ष उठले. शुभानं कठड्यावरून वाकून खाली बघितलं. भिंतीला लागून, नाल्याच्या काठानं, एरंडाचं रान माजलं होतं. रोज सकाळी मी त्याच्या डोक्यावर बसून मोहोराला शिव्या देत होतो.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. एका बाजूची परीक्षा झाली, आता दुसऱ्या बाजूनंही खात्री हवी म्हणून मला दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी माझ्या हातावर शाईनं ठिपके काढले (जानकीच्या रांगोळीतले असतात तसे, ओळीनं), प्रत्येकापाशी एकेका परागाचा थेंब ठेवला आणि सुईनं हलकेच टोचलं. गवताचा ठिपका जरा लाल झाला. घरातल्या धुळीचाही झाला. एरंडाचा असा टरारून फुगला, की गांधीलमाशी चावली असती तरी तिला एवढं जमलं नसतं. आणि आंब्याचा? सपाट. शांत. जसा होता तसा. भाऊ, मी त्या दवाखान्यात उभा राहून "निर्दोष! निर्दोष!" म्हणालो. शेजारच्या बाकावरच्या बाईंना वाटलं की म्हाताऱ्याचा कोर्टातला निकाल लागला.

डॉक्टरीणबाई मोठ्या गोड समजावून सांगतात. म्हणाल्या, शरीराच्या दारात एक गुरखा बसलेला असतो. कुणाकुणाचा गुरखा फार इमानी. चोराला शिट्टी मारतोच, दूधवाल्यालाही मारतो. पराग बिचारे काही चोरायला येत नाहीत, वाट चुकून नाकात शिरतात. गुरखा सगळी बिल्डिंग जागी करतो. मी विचारलं, मग मोहोराला तो शिट्टी का मारत नाही? तर म्हणाल्या, ज्या फुलांना वास आहे, मध आहे, त्यांना माशा आणि किडे येऊन विचारतात. त्यांचे पराग चिकट, पायांना लागून जातात, वाऱ्यावर फारसे भटकत नाहीत. ज्यांना रूप नाही, वास नाही, त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून ती आपले पराग वाऱ्यावर सोडतात, आणि सोडतात तेही पोत्यानं. मी घरी येईपर्यंत याच विचारात होतो. एवढ्या कविता पाठ केल्या आपण, त्यांत मोगरा होता, चाफा होता, बकुळ होती. एरंडाला कुणी एक ओळ दिली का? एकानंही नाही. मग त्यानं वाऱ्याबरोबर आपलं गाऱ्हाणं पाठवलं ते नेमकं एका कवितावेड्याच्या नाकात, यात त्याचं काय चुकलं? (तू म्हणशील, सीतारामानं हे काय एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय. लावलंयच. रस निघतो का ते बघ.)

हे बरं कधी होणार, असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की हे बरं होत नाही, हे सांभाळावं लागतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं. (हे त्या माझ्याकडे बघून नव्हे, शुभाकडे बघून म्हणाल्या.) आणि शुभानं काय सांभाळलं म्हणून सांगू! सकाळी वारा वाहतो तोवर मागचं दार बंद. केरसुणी रजेवर, त्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं. माझे सदरे गॅलरीतल्या दोरीवरून निघाले आणि न्हाणीघरात वाळू लागले. गोधडी गरम पाण्यातून. फिरायला सकाळी नाही, संध्याकाळी. आल्याबरोबर कपडे बदलायचे, तोंड-डोळे धुवायचे, मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. (पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायचं. पहिल्या दिवशी ते कानापर्यंत हिंडून आलं. आता येतं सरळ, आपल्या गावच्या पाटासारखं.) आणि झोपताना एक गोळी, एकच, कारण तिनं गुंगी येते. भिंतीपलीकडची जागा सोसायटीची नाही, म्हणून एरंड तोडता येईना, तर शुभा म्हणाली, "त्याला राहू दे तिकडे, आपण इकडे नीट राहू." घरात कुठे आरडाओरडा नाही, उपकाराची भाषा नाही. हळूहळू संमेलनाची गर्दी ओसरली. नंदू एका पाण्यात घराबाहेर पडू लागला.

आणि मग आला खरा कसोटीचा दिवस. वाकोल्याहून चंद्रप्रकाश नावाच्या मुलाकडची मंडळी राधाला बघायला यायची होती. मूळचे कुडाळकडचे, मुलगा बँकेत, बोलायला मोकळा. राधानं आदल्या संध्याकाळी साडीला दोनदा इस्त्री केली, यावरून मी काय ते ओळखलं. पण मुलाची आजी सुंदराबाई म्हणजे शकुन-अपशकुनाचं हायकोर्ट, असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं. रात्रीची गोळी झालीच होती, पण म्हटलं, आपल्या नाकाचा काय भरवसा? शुभा स्वयंपाकघरात होती तेवढ्यात दुपारी मी आणखी एक गोळी घेतली. राधासाठी घेतली रे.

सुंदराबाई माझ्यासमोर बसल्या, पोह्यांचा वास आला, इतपत मला नक्की आठवतं. पुढचं सगळं कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. नंतर घरच्यांनी सांगितलं ते असं: सुंदराबाई एकेक गोष्ट बोलत गेल्या आणि माझी मान, गुंगीनं, खाली येत गेली. देणंघेणं नको: मान खाली. मानपानाची लुगडी नकोत: मान खाली. लग्न फाल्गुनातच उरकू: मान खाली. मंगलाष्टकं आजोबांनीच म्हणायची असं राधा म्हणते, म्हणा तर: मान इतकी खाली, की हनुवटी छातीला लागली. सुंदराबाई भारावून गेल्या. "असो आजो मिळाक नशीब लागता! सगळ्याक हो म्हणता, मधी तोंड घालणा नाय!" असं त्या जानकीला म्हणाल्या. जानकीनं त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

आणि मग ते झालं. चंद्रप्रकाशचे वडील पुढे सरकून म्हणाले, "आमच्याकडून पसंती," आणि खोलीत शिंक झाली. खणखणीत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तर घोरायच्या बेतात. शिंक सुंदराबाईंची होती! मागोमाग दुसरी, तिसरी. जानकी सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन उठली आणि मध्येच थांबली, की हायकोर्टाला पाणी कसं पाजावं? सुंदराबाईंनी पदरानं नाक पुसलं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि निकाल दिला: "काय बघतास? ती माझी. घरच्या म्हाताऱ्या बायलमाणसाच्या शिंकेक दोष नाय!" आधी राधा हसली. मग चंद्रप्रकाश हसला, ती हसतेय हे बघून. मग सगळं घर. त्या हशानं मी जागा झालो आणि काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवल्या. शुभा तेवढ्यात उठली आणि सुंदराबाईंच्या पाठीमागचं गॅलरीचं दार, उन्हं येतात असं काहीतरी म्हणत, हलकेच लोटून आली. जाताना तिनं दादरच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्यांच्या हातात दिला. दोष न दाखवता खराबी काढायची ही विद्या, भाऊ, आपल्या कुठल्या इयत्तेत होती?

असो. तब्येतीला जप. वहिनींच्या हातची आठवण काढत कपभर चहा इथं पितो आणि थांबतो.

तुझा
सीताराम

ता. क. गोळी चोरून घेतल्याचं शुभाला त्याच संध्याकाळी कळलं. ओरडली नाही. डबी मात्र आता तिच्या कपाटात असते.

दुसरा ता. क. मंगलाष्टकांची सुरुवात जमली आहे. तुला दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही: "आली मंगल वेळ ही, डुलतसे या अंगणी तोरण." तू विचारशील, मुलुंडच्या हॉलला अंगण कुठलं? तर इथले हॉल फाल्गुनात सगळे लागलेले आहेत. दोन्हीकडची माणसं शेवटी तिकडचीच, म्हणून गावाकडे कुणाचं मोठं अंगण असेल तर बरं, असं सुंदराबाई त्या दिवशी म्हणाल्या आणि गोळीच्या अमलाखाली माझी मान हलली. (आमच्या वाट्याला भावकीत आता पडवीच उरली आहे, हे तू जाणतोसच.) कुणाचं अंगण तेही मी गुंगीतच बोलून गेलो असेन. तुझं. माणसं फार नाहीत, दीडेकशे. शुद्धीवर असतो तर आधी तुला विचारलं नसतं का? सगळा दोष त्या गोळीचा.

ती. भाऊकाकांना शुभाचा नमस्कार. पाकीट टाकायला माझ्याकडे आलं, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. मामंजींनी वर माझ्याविषयी लिहिलंय त्यातलं निम्मं सोडून द्या. झोपेत मान हलवली हे खरं, पण अंगणाचं तेव्हा नव्हे. अंगणाचा विषय निघाला तो हसणं झाल्यावर, आणि मामंजी चांगले टक्क जागे होते. "अंगण भाऊरावाचं! दुसरं कुठलं?" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की खालचा दूधवाला वर बघू लागला. मी विचारलं, मग गोळीवर का घातलंत? तर म्हणाले, एवढं मोठं मागायला मला लाज वाटते, गोळीला नाही वाटत. तेव्हा काका, जमत नसेल तर मोकळेपणी कळवा, इकडे मी बघेन. जमत असेल तर विहिरीमागे एरंड आहेत का ते बघून ठेवा. आणि एक, ते मी स्वतःहून मागते. मंगलाष्टकं ते पुढचीही करून बसलेत, तुम्हाला सांगत नाहीत एवढंच. रोज संध्याकाळी आरशासमोर म्हणतात. दार बंद असतं, गोळी वेळेवर असते, शिंक एकही येत नाही. पण तिसऱ्या ओळीत राधाचं नाव आहे, तिथं त्यांचा आवाज जातो आणि परत येत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्याला औषध नाही म्हणाल्या. अंगण द्या न द्या, पण त्या ओळीला तुम्ही त्यांच्या शेजारी उभे असा. ती वेगळ्या कागदावर लिहून आत घातली आहे. तेवढी पाठ करून ठेवा, त्यांना कळू देऊ नका.